फुकटचे दहा टन

हवेला वजन असतं हे आपण शाळेत पाठ केलंय. दोन्ही बाजूंनी घोडे जुंपलेत आणि तरी ते धातूचे अर्धगोल सुटत नाहीयेत, ते चित्र आठवतंय? परीक्षा झाली, विसरलो. पण समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस मीटरला साधारण १० टन भरतो, आणि तो फुकट असतो! होड्या बांधणाऱ्यांनी त्याचा फायदा कसा उचलला, त्याची ही गोष्ट.

दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये हॅम्बल इथे फेअरी मरीनने होड्या करायला घेतल्या. मागे फेअरी विमान कंपनीचं डोकं होतं. साच्यावर पातळ लाकडी पट्ट्यांचे थर, मध्ये गोंद, वरून रबरी पिशवी. पिशवीतली हवा ओढून घ्यायची आणि सगळं प्रकरण वाफेच्या भट्टीत (म्हणजे अवाढव्य प्रेशर कुकरच) शिजवायचं. यातून १९४६ मध्ये फायरफ्लाय ही होडी निघाली. १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये पॉल एल्व्हस्ट्रॉम नावाच्या वीस वर्षांच्या डॅनिश पोराने तीच चालवून सुवर्णपदक मारलं.

आता एवढा कुकर कुणाच्या घरी असतो?

उत्तर मिशिगनमधल्या बे सिटीत निघालं. मीड, जॅन आणि जोएल हे गूजॉन बंधू बर्फावर शिडाने पळणाऱ्या गाड्या करायचे. तिथे वजनाचा फार हिशोब. खिळे-स्क्रू नकोत म्हणून ते इपॉक्सीकडे वळले. हे रसायन साध्या खोलीच्या तापमानाला घट्ट होतं आणि आकसतं अगदी थोडं. म्हणजे भट्टी गेली! १९७० मध्ये त्यांनी ३५ फुटी अडाजिओ बांधली, तीन सांगाड्यांची, सगळी लाकूड आणि इपॉक्सीची. ती पुढे कित्येक दशकं शर्यतीत उतरत राहिली.

भट्टी गेली, पिशवी मात्र राहिली. रबराऐवजी साधा प्लास्टिकचा कागद, कडेने चिकट पट्टी, एक छोटा पंप. खाली इपॉक्सीत भिजवलेलं काचेचं कापड, मध्ये बाल्सा किंवा फोमचा हलका गाभा, परत कापड. त्यावर न चिकटणारं कापड आणि जास्तीचं इपॉक्सी शोषायला एक गादी. पंप सुरू केला की वातावरणच सगळं दाबून धरतं. एकही शिकंजा लागत नाही.

ऐकायला सोपं आहे. मी एकदा कयाकचं छोटं सुकाणू करून पाहिलं. डबा भरून इपॉक्सी कालवलं, कापड कापत बसलो, तोवर डबाच तापून धूर यायला लागला. (साठलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखं होतं, पसरून ठेवायचं असतं.) दुसऱ्या खेपेला पिशवी कुठेतरी बारीक फुसफुसत होती. भोक सापडेपर्यंत आत सगळं घट्ट झालं. वरून सुकाणू झकास दिसत होतं, पण बोटाने टकटक केल्यावर मधोमध पोकळ आवाज आला. कापड गाभ्याला चिकटलंच नव्हतं.

माझं सुकाणू कचऱ्यात गेलं, विषय संपला. पण गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात म्हादेई बांधली गेली, तीही सिडारच्या पट्ट्या, काचकापड आणि इपॉक्सीची, ५६ फुटी. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. दक्षिण महासागरात रात्री लाट आपटल्यावर ते त्या भिंतींचे आवाज कसे ऐकत असतील, याचा मी टकटक केल्यापासून विचार करतोय.