हाताला अपंगत्व, तरी दुचाकी चालवायची? आधी आरटीओ, मग गॅरेज

जळगाव/धुळे : कडबा कुट्टीत किंवा मळणी यंत्रात हात सापडला, अर्धांगाचा झटका आला किंवा जन्मापासूनच हातात जोर नाही, की घरात लवकरच प्रश्न उभा राहतो तो गाडीचा. रावेर-यावलचा केळीपट्टा असो की साक्री-शिंदखेडा, मळा, बाजार, दवाखाना सगळं दुचाकीवरच चालतं. अशा चालकांसाठी गाडीत बदल करता येतो आणि कायद्यातही त्याला जागा आहे. मात्र कोणत्या हातात काय अडचण आहे, त्यावर बदल ठरतो.

मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर गावोगावी दिसते. ती मुख्यतः पायाने अपंग असलेल्यांसाठी. चाकांनी तोल सावरतो, पण अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेकचा प्रश्न तसाच राहतो.

डावा हात कमजोर असेल तर
मोटारसायकलवर डाव्या हाताचे मोठे काम क्लचचे. त्यामुळे क्लच नसलेली गाडी सोपी पडते. होंडाच्या १९५८ च्या सुपर कबला क्लचचा लिव्हरच नव्हता. एका हातात नूडल्सचा ट्रे घेऊन पोहोचवणाऱ्या जपानी पोऱ्याला ती चालवता यावी, हा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे बिनगिअरची स्कूटर हा सरळ पर्याय. पण तिचा मागचा ब्रेक डाव्या हाताला असतो. तो उजवीकडे दुसरा लिव्हर बसवून किंवा पायाखाली पेडल देऊन हलवावा लागतो. हॉर्न, इंडिकेटर, डिपरची बटणेही उजवीकडे घ्यावीत.

उजवा हात कमजोर असेल तर
हे काम जास्त नाजूक, कारण अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजवीकडे. अ‍ॅक्सिलरेटर डावीकडे नेऊन मूठ फिरवण्याऐवजी अंगठ्याने दाबायचा करता येतो. सोडल्याबरोबर तो आपोआप मागे आला पाहिजे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचे आहे. सीबीएसच्या बहुतेक स्कूटरमध्ये डावा लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. ही सोय इथे फार कामाची.

दोन्ही हात आहेत, पण पकड नाही
लिव्हर मुठीच्या जवळ आणणे, केबलला तेल देऊन ती हलकी करणे, जाड ग्रिप बसवणे एवढ्यावरही बऱ्याचदा भागते. कृत्रिम हात असेल तर हँडलवर उघडी वाटी बसवतात. हात दोरीने किंवा पट्ट्याने हँडलला कधीच बांधू नये. गाडी पडली तर माणूस तिच्यासोबत फरफटतो.

कागदपत्रांचा क्रम
१. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढावे.
२. डॉक्टरांचा फॉर्म १-अ घेऊन आरटीओत जावे. जळगावची गाडी एमएच-१९, धुळ्याची एमएच-१८. कोणता बदल चालेल हे गॅरेजला पैसे देण्याआधी तिथेच विचारावे.
३. मोटार वाहन कायद्याच्या कलम १० मध्ये अशा गाड्यांसाठी 'अनुकूलित वाहन' हा परवान्याचा वेगळा वर्ग आहे. अपंगत्व आहे एवढ्यावरून अर्ज बाद होत नाही. अशी गाडी चालवण्यास अर्जदार सक्षम आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते.
४. स्वतःची गाडी अनुकूलित करण्याची मुभा कलम ५२ मध्ये आहे. बदलाची नोंद आरसीवर करून घ्यावी. आधी मंजुरी घेतली नसेल, तर १४ दिवसांत आरटीओला कळवावे लागते.
५. आरसीची प्रत विमा कंपनीला देऊन पोच घ्यावी.

नियमबाह्य बदलासाठी कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठा धोका अपघातानंतरचा. आरसीवर नोंद नसेल, तर विम्याचा दावा अडकू शकतो आणि भुर्दंड घरच्यांवर पडतो.

रस्त्यावर येण्याआधी
शिकाऊ परवाना हातात आल्यावर, सोबत जाणकार माणूस ठेवून मोकळ्या मैदानात सराव करावा. हँडलवरचा हात न काढता दोन्ही ब्रेक लागतात का, खड्ड्यात हँडल स्थिर राहते का, हे पाहावे. एका हाताने हँडल धरणाऱ्याला खड्डा जास्त धोक्याचा. या दोन गोष्टी जमेपर्यंत सुरत-नागपूर महामार्गावर गाडी घालू नये.