कागदी तुतीची ओळख

चंदीगडला बदलून आलेल्या मराठी माणसाचे पहिले स्वागत बहावा करतो. येथे त्याला अमलतास म्हणतात, एवढेच. तो सोनेरी घोस पाहून आमचे मन क्षणभर पुण्याकडे धावले, हे कबूल केले पाहिजे. १९५२ साली पायाभरणी झालेल्या या नगरीत घरांप्रमाणे झाडेही आराखड्यानुसार लागली. कोणत्या रस्त्याला कोणता वृक्ष शोभेल याचा विचार करणाऱ्यांत अग्रणी होते डॉ. मोहिंदरसिंग रंधावा, हुद्द्याने आय. सी. एस. आणि अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ. असा योग सरकारी नोकरीत क्वचितच जुळतो!

अशा आखीवरेखीव नगरीत एक वृक्ष मात्र कोणाच्याही आराखड्याला जुमानीत नाही. तो म्हणजे कागदी तुती. मूळचा पूर्व आशियातला. त्याच्या सालीच्या तंतूंपासून चीन-जपानात कागद होई. १८८० च्या सुमारास तो सहारनपूर-डेहराडूनकडील उद्यानांत आला आणि झटपट सावली देणारा म्हणून लोकप्रिय झाला. परकेपणाबद्दल आमची तक्रार नाही. नीलमोहोर दक्षिण अमेरिकेचा, गुलमोहोर मादागास्करचा. आणि आम्ही तरी येथले कोठले? पण हे पाहुणे नेमून दिलेल्या जागी राहतात. कागदी तुतीची नारंगी फळे पाखरे खातात आणि बी दूरवर टाकतात. शिवाय जमिनीखाली पसरणाऱ्या मुळांतून कोंब फुटतात ते निराळेच. ओढ्याकाठी, पडीक जागी तिची दाट राई होते आणि त्या सावलीत स्थानिक रोपांना वाढणे कठीण जाते. नर झाडांचे परागकण वसंतात हवेत पसरतात. फाळणीनंतर वसलेली दुसरी राजधानी इस्लामाबाद. ती १९६० नंतरच्या दशकात हिरवी करण्यासाठी हेच झाड वापरले गेले, आणि तेथील दमेकऱ्यांना दरवर्षी मार्च महिना जड जातो.

म्हणून ते ओळखता आले पाहिजे. घोटाळा होतो तो खऱ्या तुतीशी. पाने दोघींचीही कधी अखंड, कधी खोलवर कातरलेली. चीक दोघींचाही पांढरा. परंतु कागदी तुतीच्या पानावरून बोट फिरवावे: वरची बाजू खरखरीत, खालची मखमलीसारखी लवदार. फळ लांबट नसते, गोल चेंडूसारखे असते.

एवढे बोट न फिरविल्याने काय होते ते आम्ही पाहिले आहे. आमच्या वसाहतीत एकदा तोडीचा हुकूम निघाला. कागदावर नुसते ‘तूत’ लिहिलेले. मजुरांनी कोपऱ्यावरची खरी तुती पाडली. जिच्या फळांनी मुलांचे सदरे दर उन्हाळ्यात जांभळे होत, तीच. कुंपणापलीकडची कागदी तुती दुसऱ्या दिवशी तुटली खरी, पण मुळे जमिनीतच राहिली. पावसाळा संपेतो तिच्या बुंध्याभोवती आम्ही अकरा कोंब मोजले. खऱ्या तुतीच्या जागी आता सायकली उभ्या असतात.