पत्र्याचा सोर्स कोड

जुनी गाडी कशाने मरते? दहातले नऊजण म्हणतील, इंजिन गेलं की. पण इंजिन तसं चिवट असतं हो. बोअर करून घ्या, ओव्हरसाइज पिस्टन टाका, अगदीच नाही जमलं तर दुसऱ्याच गाडीचं बसवा. गाडी खरी मरते ती पत्र्याने. म्हणून तर जुन्या गाड्यांचे वेडे लोक घरच्या गॅरेजमध्ये मडगार्ड, दारं, बॉनेट असा संसार साठवून ठेवतात. बघणाऱ्याला ते भंगार वाटतं. मलाही वाटायचं. पण यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना फार ओळखीचा वाटावा असा आहे.

सुरुवातीच्या मोटारी बग्गीच्याच वंशातल्या. लाकडी सांगाडा आणि त्यावर हाताने ठोकून बसवलेला पत्रा. म्हणजे मडगार्ड चेपलं तर चांगला कारागीर नवं घडवून देणार. मग फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी संपूर्ण पोलादी बॉडी बनवायचं मनावर घेतलं आणि १९१४ मध्ये डॉज बंधूंनी त्यांच्या नव्या गाडीसाठी ती घेतली. इथून गणितच बदललं. आता पत्रा ठोकायचा नाही, प्रेसखाली दाबायचा. त्यासाठी बिडाच्या प्रचंड डाय लागतात, म्हणजे साचे. एक साचा आकार देतो, दुसरा कडा कापतो, तिसरा कडा दुमडतो. हे साचे बनवायला अफाट खर्च, पण एकदा बनले की मडगार्ड पटापट पडायला लागतात.

आता आपल्या भाषेत सांगतो. साचा म्हणजे सोर्स कोड आणि मडगार्ड म्हणजे कंपाइल केलेली फाइल. कंपनीने मॉडेल बंद केलं की साचे काही वर्षं स्पेअरसाठी ठेवतात, आणि मग कधीतरी त्यांची जागा हवी असते. सोर्स कोड गेला. उरल्या त्या लोकांकडच्या कॉपी. आता बोला!

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे अर्थातच फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट यायला लागली आणि १९७४ पासून तिचंच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. लायसन्स राजमुळे ग्राहकाला पर्यायच नव्हते, त्यामुळे तोच आकार तीसेक वर्षं रस्त्यावर राहिला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पद्मिनीला उतरती कळा लागली. नवं शतक उजाडता उजाडता उत्पादनही थांबलं.

पण पत्रे मिळत होते, कारण टॅक्सी होत्या! मुंबईत टॅक्सींना २००८ मध्ये २५ वर्षांची आणि २०१३ मध्ये २० वर्षांची मर्यादा आली. भंगारात निघालेल्या गाडीचं एखादं धडधाकट दार कुणाच्या तरी कामी यायचं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची वीस वर्षं भरली आणि हा झराही आटला.

इंग्लंडमध्ये याच गोष्टीचा शेवट वेगळा झाला. एमजीबी ही स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात बनली. सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखांवर. पुढे ब्रिटिश मोटर हेरिटेजने तिचे मूळ साचे शोधून गोळा केले आणि १९८८ पासून चक्क कोरी करकरीत बॉडी विकायला काढली. गंमत म्हणजे नंतर रोव्हरने त्याच बॉडीच्या आधारावर १९९३ ते ९५ मध्ये एमजी आरव्ही८ नावाची गाडी काढली. दोन हजारांच्या आसपास गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. सोर्स कोड सापडला की बंद पडलेलं प्रॉडक्टसुद्धा उठून बसतं ते असं.

हे सगळं मी वाचत बसलो त्याला कारण आमचे पुण्याचे एक काका. त्यांच्या गॅरेजमध्ये पद्मिनीच्या मडगार्डची जोडी, बॉनेट, दोन दारं आणि एक डिकी आहे. नाना पेठेतल्या एका दुकानाने जुना स्टॉक काढला तेव्हा घेतलेली. भिंतीवर इतकं छान लावलंय की बघत राहावं. "तुझी काकू म्हणते, आमच्या लग्नाचा फोटो नाही भिंतीवर, पण फियाटचं मडगार्ड आहे!" इति काका. आता बंगला रीडेव्हलपमेंटला चाललाय. नव्या इमारतीत गॅरेज नाही, दोन पांढऱ्या पट्ट्यांमधलं पार्किंग आहे. चुलतभावाचं म्हणणं, किलोवर देऊन टाका.

काकांची ठेवायची पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे. बॉनेट आडवं टाकून त्यावर सामान रचायचं नाही, पत्रा कायमचा बसतो. जुन्या गालिच्याच्या तुकड्यावर ते उभं टेकवायचं. दार टांगायचं ते त्याच्याच बिजागरीच्या भोकांतून, नवं भोक पाडायचं नाही. जमिनीपासून वीतभर वर, कारण ओल खालून येते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं नाही, आत दव धरतं आणि गंज चढतो. सुती चादर बरी. कंपनीचा प्रायमर हा काही पक्का रंग नव्हे, तेव्हा पावसाळ्याआधी दुमडलेल्या कडांना आतून तेलाचा हात फिरवायचा. आणि पार्ट नंबरची चिठ्ठी कधीही काढायची नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर माझी ट्यूब पेटली. काका स्पेअर पार्ट सांभाळत नव्हते, नमुना सांभाळत होते. साचा नसताना कारागिराला नवं मडगार्ड घडवायचं तर मूळ आकार कुठून घेणार? रस्त्यावरच्या गाड्या तीनदा ठोकलेल्या आणि चारदा पुट्टी भरलेल्या. न वापरलेला पत्रा हाच एकमेव विश्वासू साक्षीदार. बॅकअप म्हणा ना.

मी काकांना हेच म्हटलं. किलोवर देऊ नका, पण सगळं धरूनही बसू नका. गेले दोन शनिवार आम्ही दोघं प्रत्येक पत्र्याचे फोटो काढतोय, मापं घेतोय, कडांचे कागदी साचे कापतोय. मडगार्डची जोडी माझ्याकडे येणार, फ्लॅटच्या हॉलमध्ये. (बायकोला अजून सांगायचंय :)) दारं, बॉनेट आणि डिकी अशा माणसाला द्यायची ज्याची पद्मिनी अजून चालते. काकांनी अट घातलीये, आधी गाडी दाखवायची, मग दार मिळेल.

तुमच्या गावच्या घरी माळ्यावर असं एखादं बॉनेट पडलं असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उलटं करून नंबर बघा. कुणाच्या तरी गाडीचा शेवटचा बॅकअप असू शकतो तो.

तूर्तास इतकंच.