पेशी चालते कशी? ‘मोटर-क्लच’ मॉडेल सोप्या भाषेत

बोट कापलं की जखमेच्या कडेच्या पेशी सरकत सरकत मध्ये येतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून जंतूंपर्यंत पोहोचतात. पेशीला ना पाय, ना चाकं, तरी ती चालते. आणि असं चालायचं तर आधी कुठेतरी चिकटावं लागतं.

हे चिकटणं बिघडलं तर काय होतं? काही बाळांच्या पांढऱ्या पेशींवर जन्मतःच बीटा-२ इंटिग्रिन हे चिकटणारं प्रथिन फार कमी असतं किंवा नसतंच. अशा बाळाची नाळ उशिरा गळते आणि इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भरपूर दिसतात! पण त्यांना भिंत धरून बाहेर पडता येत नाही. कॅन्सरमध्ये नेमकं उलटं: पेशी जिथे जायला नको तिथे जाऊन बसतात. म्हणूनच पेशी किती जोरात धरते आणि कधी सोडते, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायला संशोधक इतका वेळ देतात.

क्लच म्हणजे काय इथे?

बाईक चालू आहे, गिअर टाकलाय, पण क्लच दाबून धरलाय. इंजिन फिरतं, गाडी जागची हलत नाही. क्लच सोडला की इंजिनची ताकद चाकापर्यंत जाते.

पेशीच्या आत ॲक्टिन नावाचे धागे असतात. पुढच्या कडेला धागा सतत वाढत असतो आणि मायोसिन नावाच्या रेणू-मोटरी तो मागे ओढत असतात. पेशीने बाहेरचा पृष्ठभाग धरला नसेल तर धागा नुसता मागे घसरत राहतो, म्हणजे क्लच दाबलेला. इंटिग्रिन आणि टॅलिन यांची साखळी धाग्याला पृष्ठभागाशी जोडते, तेव्हा धाग्याचं घसरणं मंदावतं, ओढ पृष्ठभागावर पडते आणि पेशीची कड पुढे सरकते. टिमथी मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८८ मध्ये ही कल्पना मांडली. क्लॅरेन्स चॅन आणि डेव्हिड ऑड यांनी २००८ मध्ये तिचं कॉम्प्युटर मॉडेल केलं आणि कोंबडीच्या भ्रूणातल्या मेंदूपेशींवर ते तपासलं.

मॉडेलच्या आत

भाग मोजून तीन: मोटरी, क्लच आणि पृष्ठभाग. क्लच आणि पृष्ठभाग या चक्क स्प्रिंग मानल्या आहेत. प्रत्येक मोटर सुमारे २ पिकोन्यूटन जोर लावते. पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. अडथळा नसेल तर धागा सेकंदाला १२० नॅनोमीटर मागे जातो, आणि ओढ वाढली की वेग त्या प्रमाणात कमी होतो.

खरी मजा क्लच सुटण्यात आहे. जॉर्ज बेल यांनी १९७८ मध्ये सांगितलेला नियम असा, की बंधावर ताण वाढला की तो सुटण्याचा दर घातांकी पद्धतीने वाढतो. समजा ताण नसताना एक बंध सरासरी १० सेकंद टिकतो आणि त्याची ‘खूणगाठीची’ ताकद २ पिकोन्यूटन आहे. मग २ पिकोन्यूटन ताणाला तो सरासरी ३.७ सेकंद टिकेल. ताण १० केला तर फक्त ०.०७ सेकंद, पापणी लवायच्या आत! कॉम्प्युटर प्रत्येक क्षणी प्रत्येक क्लचसाठी फासा टाकतो: धरला, सुटला की तसाच राहिला. मग सगळ्यांवरचा ताण नव्याने वाटतो. एवढंच काम, हजारो वेळा.

मऊ की कडक?

आता हेच मॉडेल वेगवेगळ्या पृष्ठभागांवर चालवा. पृष्ठभाग कडक असेल तर पहिल्या जोडलेल्या क्लचवर लगेच ताण चढतो आणि दुसरे जोडले जायच्या आत तो तुटतो. परिणाम म्हणजे नुसती घसरण. पृष्ठभाग मऊ असेल तर तो हळूहळू ताणला जातो, तोवर बरेच क्लच जोडले जातात, ओझं वाटून घेतात आणि मग एकदम सगळे सुटतात. पुन्हा जोडणी, पुन्हा सुटका. मेंदूपेशींमध्ये हा बदल १ किलोपास्कलच्या आसपास दिसला, आणि मेंदूचा मऊपणाही साधारण त्याच पातळीचा.

पण सगळ्या पेशी अशा वागत नाहीत, आणि माझ्या मते इथेच मॉडेलचा खरा उपयोग कळतो. मोटरी आणि क्लच दोन्हींची संख्या वाढवली तर पेशीला ‘आवडणारा’ कडकपणाही वर सरकतो, असं गणित सांगतं. ग्लायोमा या मेंदूच्या कॅन्सरच्या एका पेशी-प्रकारात तो सुमारे १०० किलोपास्कल आढळला, म्हणजे त्या मेंदूपेशींच्या शंभरपट. औषधं वापरून मोटरी आणि क्लच दोन्ही दाबले तेव्हा तो खाली आला. हा निष्कर्ष २०१७ चा. प्लेटवर दिसलेली ही गोष्ट आहे, उपचार नाही, हे लक्षात ठेवा. काही पेशींमध्ये तर ताण पडल्यावर टॅलिन उलगडतं, त्यावर विनक्युलिन येऊन बसतं आणि पकड उलट घट्ट होते. मूळ मॉडेलमध्ये हे नव्हतं, नंतर घालावं लागलं.

खऱ्या पेशीचा जोर मोजायचा कसा? पेशीला मऊ जेलवर ठेवतात. जेलमध्ये चमकणारे बारीक मणी असतात. पेशीने ओढल्यावर मणी किती सरकले, त्यावरून जोर काढतात. मॉडेलचे आकडे या मापांशी ताडून बघतात.

हजारो पेशींचा घोळका बघायचा असेल तर हे मॉडेल जड पडतं. तिथे ग्रानर आणि ग्लेझियर यांचं १९९२ चं सेल्युलर पॉट्स मॉडेल चालतं, ज्यात पेशी म्हणजे चौकटींचा एक पुंजका. त्यासाठी कॉम्प्युसेल-थ्रीडी हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पण ते लॅपटॉपवरच. मोटर-क्लच मात्र इतकं छोटं आहे की पायथन येत असेल तर मोबाईलवरच्या पायथन ॲपमध्येही लिहून चालवता येतं. ७५ मोटरी, ७५ क्लच घ्या आणि पृष्ठभागाच्या स्प्रिंगचा आकडा दहा-दहा पटीने बदलत जा. ग्राफवर घसरण कुठे सुरू होते ते दिसेलच.