परसबागेतील कृत्रिम धबधबा

परसबागेतील कृत्रिम धबधबा म्हणजे घराच्या अंगणात किंवा परसात, लहान तळ्याच्या काठी दगडमातीचा उंचवटा रचून त्यावरून पंपाच्या साहाय्याने पाणी खेळविण्याची रचना होय. तळ्यातील पाणी नळीवाटे माथ्यावर नेले जाते आणि दगडांवरून पुन्हा तळ्यात पडते. तेच पाणी फिरत राहत असल्याने त्यास सतत नवा पुरवठा लागत नाही. तथापि बाष्पीभवनाने व तुषारांनी होणारी तूट वेळोवेळी भरून काढावी लागते. बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीसारख्या, पूर्णा खोऱ्यात मोडणाऱ्या गावी अशा रचनेचा विचार करताना माती, पाण्याचा खारेपणा आणि उन्हाळा या तीन गोष्टी निर्णायक ठरतात.

पूर्वपीठिका

तळ्याकाठी कृत्रिम डोंगर रचण्याची कल्पना भारतात प्राचीन आहे. कालिदासाच्या 'मेघदूता'त यक्षाच्या घराजवळील वापीच्या तीरावर क्रीडाशैल असल्याचे वर्णन येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या क्रीडांमध्ये भूधरक्रीडेचा, म्हणजे कृत्रिम पर्वतावरील विहाराचा, समावेश आहे. मोगल उद्यानांत नक्षीदार उतरत्या शिळेवरून पाण्याचा पातळ पडदा सोडीत. त्यास 'चादर' असे म्हणत. जपानमधील 'साकुतेइकी' या अकराव्या शतकातील उद्यानविषयक ग्रंथात धबधब्याचे दगड कसे बसवावेत याचे विवेचन आढळते.

महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील पाणचक्कीचे आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरातील या रचनेत उत्तरेकडील हर्सूलच्या बाजूच्या उगमातून मातीच्या नळांनी पाणी आणले गेले. उगम उंचावर असल्याने पाणी आपल्याच दाबाने उंच भिंतीच्या माथ्यापर्यंत चढते आणि तेथून समोरच्या हौदात कोसळते. आज जे काम विजेचा पंप करतो ते तेथे केवळ उताराने साधले. बुलढाणा जिल्ह्यातच लोणार येथे बारमाही झऱ्याची धार गोमुखातून कुंडात पडते. ती नैसर्गिक झऱ्यावर बांधलेली असली तरी पाणी, पडण्याची उंची आणि खालचे कुंड ही तिन्ही अंगे तीत स्पष्ट दिसतात.

माती आणि अस्तर

पूर्णा खोऱ्यातील खोल काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट सिमेंटचे तळे बांधल्यास ते एक-दोन उन्हाळ्यांत तडकण्याचा संभव मोठा. म्हणून खड्ड्याच्या तळाशी मुरमाचा थर दाबून घेणे आणि त्यावर लवचिक अस्तर अंथरणे श्रेयस्कर होय. शेततळ्यांसाठी वापरला जाणारा ५०० मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिक कागद ग्रामीण भागात सहज मिळतो व या कामास चालतो. मात्र उन्हात उघडा पडलेला भाग लवकर खराब होतो, यास्तव काठ दगडांनी झाकावेत. कागदाखाली जुनी गोणपाटे अंथरल्यास खडे टोचत नाहीत.

अस्तराचे माप काढण्याची रीत सोपी आहे: लांबी व रुंदी या प्रत्येकीत खोलीची दुप्पट आणि दोन्ही काठांवरची घडी मिळवावी. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व ६० सेंटिमीटर खोल तळ्यास, प्रत्येक काठावर ३० सेंटिमीटर घडी धरल्यास, ४.८ गुणिले ३.८ मीटरचे अस्तर लागते.

खड्ड्यातून निघालेल्या मातीचाच ढीग करून त्यावर धबधबा रचण्याचा मोह बहुतेकांना होतो. असा ढीग पहिल्याच पावसात खचतो, दगड कलतात आणि पाणी कडेने झिरपू लागते. उंचवट्याची माती थराथराने धुमसून घ्यावी, आणि धबधब्याखालचे अस्तर तळ्याच्या अस्तरावर वरून खाली असे चढवावे, जशी कौले एकावर एक बसतात. पाणी कमी होत असल्याचा संशय आल्यास पंप एक दिवस बंद ठेवून पातळीची खूण करावी. पंप बंद असता पातळी टिकली आणि चालू करताच घटली, तर गळती तळ्यात नसून धबधब्याच्या वाटेत आहे असे समजावे.

पंप

पाणी ज्या फरशीवरून पडते तिच्या रुंदीवर पंपाची निवड ठरते. सलग पडदा हवा असल्यास रुंदीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ताशी सुमारे १५० लिटर पाणी लागते. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या फरशीस ताशी ४,५०० लिटर. पंपावर लिहिलेली क्षमता शून्य उंचीची असते व माथा जितका उंच तितकी ती घटते, हे विसरू नये. विदर्भात घरोघरी असलेल्या कूलरचा पंप बारीक धारेसाठी पुरतो, पडद्यासाठी पुरत नाही. १०० वॅटचा पंप दहा तास चालविल्यास एक युनिट वीज खर्च होते. पाण्यातील विजेच्या जोडणीस अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक स्विच अनिवार्य समजावा.

पाण्याचा हिशेब

या भागातील कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास घटते असे धरल्यास वरील ६ चौरस मीटरच्या तळ्यातून रोज ६० लिटर पाणी उडून जाते. पडत्या पाण्याचे तुषार निराळे. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. एका माणसाच्या वाट्याहून अधिक पाणी केवळ शोभेसाठी जात असेल, तर टंचाईच्या महिन्यांत धबधबा बंद ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. छतावरील पावसाचे पाणी साठवून तूट भरल्यास हा प्रश्न बराच सौम्य होतो. तळे लहान, सावलीत व खोल घेतले तरीही घट कमी होते; पाण्याचा पसारा वाढविण्यापेक्षा खोली वाढवावी.

अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे. बाष्पीभवनाने पाणी जाते, क्षार मागे राहतात; वारंवार तेच पाणी भरल्यास खारेपणा वाढत जातो, दगडांवर पांढरे डाग पडतात आणि कमळासारख्या वनस्पती टिकत नाहीत. येथेही पावसाचे पाणीच हितकर.

मासे, डास आणि मुले

पडणारे पाणी हवेत मिसळून प्राणवायू घेते, आणि ओल्या दगडांवर वाढणारे जीवाणू माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे रूपांतर करतात. प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, त्यामुळे मासे पाळणाऱ्यांनी पंप दिवसाऐवजी रात्री चालविणे अधिक गरजेचे आहे. जेथे रात्री वीज जाते तेथे मासे मोजकेच ठेवावेत.

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो व उन्हाळी-पावसाळी उबेत आठ-दहा दिवसांत त्याचा डास तयार होतो. वाहते पाणी त्यास मानवत नाही. परंतु पंप बंद पडल्यावर दगडांच्या खळग्यांत उरलेले पाणी तितकेच घातक ठरते. खळगे आठवड्यातून एकदा कोरडे करावेत. तळ्यात गप्पी मासे सोडता येतात, पण ते नदीनाल्यात जाऊ देऊ नयेत, कारण स्थानिक माशांना ते उपद्रवी ठरतात.

लहान मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकते. घरात रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल असल्यास पाण्याच्या पातळीच्या वर लोखंडी जाळी बसवावी, अथवा ते मोठे होईपर्यंत तळ्याऐवजी गोट्यांनी भरलेला खड्डा ठेवावा. त्यात पाणी गोट्यांखाली राहते आणि धबधबा तसाच वाहतो.