रोजच्या पन्नास माळा

ग्वाल्हेरच्या किला गेटाकडून चढणीला लागले म्हणजे किल्ला एकदम हाती येत नाही. आलमगिरी दरवाजा ओलांडावा, गुजरी महाल पाहावा आणि मग एकामागून एक दरवाजे पार करीत हत्ती पोळीपर्यंत पोहोचावे, अशी ती वाट आहे. तळाचा दरवाजा १६६० सालचा, औरंगजेबाच्या अमदानीतला. मधला गणेश दरवाजा त्याहून दोन शतकांनी जुना, डूंगरसिंह तोमराचा. अगदी माथ्यावरचा महाल मानसिंह तोमराचा. त्याची कारकीर्द १४८६ ते १५१६ ही. म्हणजे ही वाट कोणा एका स्थपतीने कागदावर आखून पुरी केलेली नव्हे. जो आला त्याने आपला दरवाजा जोडला, आणि तरीही चढणाऱ्याला ती एकच वाट वाटते.

या वाटेवर एका अखंड कातळात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ आहे. तेथील ८७६ सालचा शिलालेख गणितज्ञांना ठाऊक आहे तो शून्यामुळे. भारतात शून्याचे जे अत्यंत जुने लेखी नमुने मिळतात त्यांत त्याची गणना होते. परंतु हे शून्य ज्या आकड्यांत आले ते आकडे कसले, हे सहसा कोणी विचारीत नाही. दोनशे सत्तर हात लांबीची जमीन फुलबागेसाठी दिली, आणि माळ्यांनी रोज पन्नास माळा देवाला द्याव्यात, असा तो मजकूर आहे. देऊळ एकदाच कोरता येते. माळ रोज ओवावी लागते. नवव्या शतकातल्या त्या माणसांनी देवळाबरोबर उद्याच्या फुलांचीही तजवीज केली होती.

श्रोतेहो, या माळांची आठवण होण्याचे कारण थोडे अनपेक्षित आहे. आज जगभर कोट्यवधी माणसे संगणकाच्या जाळ्यावर एकत्र येऊन सोंगे घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी वैद्य, कोणी लोहार. सारे मिळून एका कल्पित मुलखात वावरतात. घरी जाऊन झोपले तरी तो मुलूख चालूच राहतो. भातुकलीची किंवा दिवाळीच्या मातीच्या किल्ल्याची ही मोठी झालेली भावंडेच म्हणावीत. फरक इतकाच, की दिवाळीचा किल्ला सण सरला की मोडतो, आणि या खेळांच्या कर्त्यांना आपला मुलूख मोडू द्यायचा नसतो. तो टिकावा कसा, हाच या खेळांच्या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

आरंभ १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात झाला. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने केवळ शब्दांचा असा एक मुलूख रचला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढविला. चित्र एकही नव्हते. पडद्यावर उमटलेली वाक्ये वाचायची आणि आपण काय करतो ते लिहायचे. याच बार्टलने १९९६ साली खेळणाऱ्यांची चार कुळे सांगितली आणि त्यांना पत्त्यांची नावे दिली: गुण जमविणारे चौकट, मुलूख धुंडाळणारे इस्पिक, गप्पांत रमणारे बदाम, आणि दुसऱ्यावर सोटा उगारणारे किलवर. ही विभागणी कोणत्याही चाळीला किंवा नाटकमंडळीलाही लागू पडेल!

१९८६ साली अमेरिकेत ‘हॅबिटॅट’ नावाचा सचित्र मुलूख चाचणीसाठी उघडला. त्याच्या कर्त्यांनी मोठ्या कष्टाने एक गुप्तधनाचा शोध रचला. लोकांचे बरेच दिवस त्यात जातील ही अपेक्षा. एका खेळाडूला पहिल्या पंधरा मिनिटांत कळीचा धागा सापडला आणि सुमारे आठ तासांत सारे संपले. बाकीच्यांच्या वाट्याला त्यातले फारसे काही आलेच नाही. उलट त्याच मुलखात चोऱ्या आणि खून माजले तेव्हा एका खेळाडूने, जो प्रत्यक्षात ग्रीक ख्रिस्ती धर्मगुरू होता, तेथे एक देवालय उघडले. शिष्यांनी शस्त्र बाळगू नये, चोरी करू नये, असा त्याचा नियम. कर्त्यांनी हे योजलेले नव्हते, आणि लोक आपसांत वाद घालीत राहिले ते याच गोष्टींवर. माझ्या मते या सबंध इतिहासातला हा सर्वांत बोलका प्रसंग आहे. कर्त्याने रचलेले कोडे सुटले की संपते; माणसांनी आपसांत उभे केलेले व्यवहार सहजी संपत नाहीत.

अर्थात माणसांवर सोडले की सारे सुरळीत होते, असे मुळीच नाही. १९९७ साली निघालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये हरणे, लांडगे, गवत यांचे परस्परावलंबी निसर्गचक्र मोठ्या हौसेने बसविले होते. लोक आत आले आणि त्यांनी दिसेल ते जनावर मारले. जनावरांची वाढ शिकारीपुढे टिकेना. अखेर ते चक्रच काढून टाकावे लागले.

ग्वाल्हेरकरांना यात नवल वाटू नये. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी दिली ती फौजेसाठी. फौजेमागे सराफ आले, पुजारी आले, गवई आले, देशावरची मराठी कुटुंबे आली. राहुट्यांच्या जागी वाडे उठले आणि छावणीचे शहर झाले. त्याचे नाव मात्र आजही लश्करच आहे.

पण मुलखाचा धनीच निघून गेला तर? ‘सिटी ऑफ हिरोज’ हा खेळ २००४ साली निघाला, आणि ३० नोव्हेंबर २०१२ रोजी त्याच्या कोरियन कंपनीने तो बंद केला. आठ वर्षांची नगरी, तिथल्या ओळखी, घेतलेली सोंगे, सारे एका दिवसात नाहीसे झाले. रहिवाशांनी मात्र माघार घेतली नाही. काही वर्षांनी त्यांनी तो खेळ स्वतःच्या यंत्रांवर पुन्हा उभा केला, प्रथम परवानगीवाचून. आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने त्यांच्या एका मंडळीला तो चालविण्याचा रीतसर परवाना दिला. त्या नगरीचा रोजचा खर्च खेळणाऱ्यांच्या वर्गणीतून चालतो.