चालतं यंत्र उघडावं कधी?

ठरावीक तास भरले की यंत्र खोलायचं, झिजलेलं बदलायचं, पुन्हा जुळवायचं. देखभालीचा हा नियम इतका शहाणपणाचा वाटतो, की त्याला पुरावा मागावा असं कारखानदारीत फारसं कुणाच्या मनात आलं नाही. पुरावा मागणाऱ्यांत पहिलं ठळक नाव आहे ते एका जीवशास्त्रज्ञाचं.

सी. एच. वॉडिंग्टन हे गर्भविज्ञान आणि आनुवंशशास्त्रातले ब्रिटिश संशोधक. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाईदलाच्या कोस्टल कमांडमध्ये, ऑपरेशनल रिसर्चच्या गटात आले. जर्मन पाणबुड्यांच्या मागावर राहण्यासाठी विमानं हवेत असायला हवी होती आणि त्यांचा बराच वेळ दुरुस्तीत जात होता. दर 50 उड्डाणतासांनी तपासणी ठरलेली. या गटानं दुरुस्तीच्या नोंदी काढल्या आणि तासांच्या क्रमानं मांडल्या. नियम खरा असता, तर तपासणी जवळ येईल तसे बिघाड वाढायला हवे होते आणि ती झाल्यावर घटायला. दिसलं ते नेमकं उलटं. तपासणीनंतर लगेच बिघाड उसळत आणि पुढच्या तासांत ओसरत जात. नीट बसलेले भाग तपासणीच विसकटून टाकत होती. वॉडिंग्टन यांचं यावरचं पुस्तक बाहेर आलं ते मात्र 1973 मध्ये.

मला या गोष्टीत सर्वांत मोलाच्या वाटतात त्या मेकॅनिकांनी इमानानं लिहून ठेवलेल्या नोंदी. त्या नसत्या तर वॉडिंग्टन यांच्या बुद्धीला धरायला काहीच नव्हतं.

मधल्या काळात अमेरिकी विमान कंपन्या वेगळ्या वाटेनं त्याच जागी पोचल्या. 1960 मध्ये सरकारी विमान वाहतूक यंत्रणा आणि कंपन्या यांचा एक गट बसला. गुंतागुंतीच्या यंत्रात बिघाडाचं एकच ठळक कारण नसेल, तर वेळापत्रकानं केलेल्या ओव्हरहॉलमुळे त्याच्या भरवशात फारसा फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. या विचारावर बोइंग 747 ची देखभाल 1968 मध्ये आखली गेली. डीसी-8 विमानाचे 339 भाग ठरल्या वेळी ओव्हरहॉल होत. पुढे आलेल्या डीसी-10 मध्ये ते उरले 7.

युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी 1978 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यासाठी हे सगळं अहवालात बांधलं. विमानाच्या भागांपैकी अवघे 11 टक्के वयोमानानं झिजून बिघडण्याची खूण दाखवत होते. 68 टक्के भागांत धोका सर्वांत जास्त होता तो नवा बसवल्या बसवल्या. म्हणजे सुस्थितीतला जुना काढून नवा बसवणं, हेच अनेकदा संकटाला आवतण.

हा विचार खाणी आणि कारखान्यांत रुजवण्यात जॉन मूब्रे यांचा वाटा मोठा. त्यांचं पुस्तक 1991 मध्ये आलं. पण विमानाचे आकडे जसेच्या तसे शॉपफ्लोअरवर आणणं चुकीचं आहे. मालाशी थेट घासणारी अंगं, म्हणजे भट्टीचं अस्तर, पंपाचं इंपेलर, कटिंग टूल, ही खरोखरच वयानं झिजतात. त्यांना वेळापत्रक हवंच.

बेअरिंगचं तसं नाही. ते बसण्याआधी कंपनं वाढतात, मग आवाज, मग उष्णता. कंपनं वाढल्यापासून बेअरिंग बसेपर्यंत साधारण दोन महिने जात असतील, तर दर महिन्याला कंपनं मोजायची. ते किती वर्षं चाललंय याचा या हिशेबाशी संबंध येत नाही. आणि बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी जी साधनं बिघडूनही मुकाट बसून राहतात, ती चालतात की नाही हे ठरलेल्या तारखेला प्रत्यक्ष चालवूनच बघावं लागतं.